पावलावरची फुली

९ फेब्रुवारी

आज मॅडमनी माझं बोट वापरलं!

असंच लिहिते, कारण झालं ते असंच. गुडघ्याच्या मागच्या लिगामेंटचं ऑपरेशन होतं. मी टेबलापाशी चौथी, म्हणजे पाय धरून उभी राहणारी. मध्येच मॅडमनी आमच्या सगळ्यांच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुझी बोटं बारीक आहेत. इकडे ये."

गुडघ्याच्या आतल्या बाजूला, मागच्या अंगाला, त्यांनी बोट जाईल एवढीच चीर घेतली. "घाल आत. हाडाच्या मागे. आता बोटाच्या एका बाजूला हाड आहे. दुसऱ्या बाजूला काय?"

मला येत होतं. कितीदा वाचलंय. पण बोटाच्या पाठीला काहीतरी मऊ टेकलं होतं आणि वाचलेलं सगळं त्या मऊपणात विरघळून गेलं. ती धमनी. खालच्या पायाला रक्त नेणारा एकच मोठा रस्ता. तिला चिकटून शीर, आणि पाऊल हलवणारी नस. हाडापासून पुरतं बोटभरही लांब नाही. आणि समोरून, हाडातून, तिच्याच दिशेने भोक पाडणारी तार येणार!

मॅडम म्हणाल्या, "गुडघा काटकोनात का वाकवलाय?"

"धमनी मागे सरकते, मॅडम."

"किती?"

"थोडीच."

"थोडीच. म्हणून तुझं बोट."

भोक पाडताना शेवटचा भाग ड्रिल मशीनने करत नाहीत. मशीन बाजूला ठेवून हाताने फिरवतात, अगदी हळू. माझं काम एवढंच, की टोक जाणवलं की 'थांबा' म्हणायचं. जाणवलं. मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की भूल देणारे डॉक्टर स्टुलावरून उठून उभे राहिले.

मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "मी गुडघ्यात आहे, शेजारच्या इमारतीत नाही."

सगळे हसले. मीही. पण आत्ता लिहिताना तेच बोट वहीवर टेकलंय आणि मला ते वेगळंच वाटतंय. एका अनोळखी माणसाचा पाय आणि तारेचं टोक यांच्यामध्ये आज मी होते.

१० फेब्रुवारी

घरी बोटाची गोष्ट सांगितली. आई म्हणाली, "नंतर हात धुतलास ना?"

१४ फेब्रुवारी

ताईला आज मॅडमना दाखवलं.

नोव्हेंबरमध्ये कारखान्याच्या लोखंडी जिन्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन पडली. वाकलेल्या गुडघ्यावर आदळली. तीन महिने पट्टा बांधला, व्यायाम केले, तरी जिना उतरताना गुडघा मागे निसटतो. ती कटिंगवर आहे. कापडाचे शंभर थर एकावर एक आणि वर ते उभ्या पात्याचं मशीन. दिवसभर उभं राहून चालवायचं. पाय निसटला तर हात कुठे जाईल, याचा विचार मी करते. ती करत नाही. म्हणते, "हात आहे, पाय आहे, एवढं मोठं शरीर दिलंय, काहीतरी उरेलच."

मॅडमनी तिला झोपवून दोन्ही गुडघे वाकवले आणि बाजूने पाहिलं. मीही पाहिलं. डाव्या गुडघ्याखालचं हाड मागे खचलेलं. मॅडमनी ते पुढे ओढलं, सोडलं. पुन्हा खचलं. मला एकदम रडू आलं. रोज असे गुडघे बघते मी!

"ऑपरेशन लागेल," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू त्या दिवशी नातेवाईक. ओटीत नाही, वॉर्डात नाही, केसपेपरला हात नाही. बाहेर बाकावर बसायचं, बाकीचे बसतात तसं."

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "तुझी मॅडम मला आवडली. तुला गप्प करते."

१५ फेब्रुवारी

रात्री जेवताना ताईने विचारलं, "यात वाईटात वाईट काय होतं? खरं सांग. डॉक्टरसारखं नको, बारकीसारखं सांग."

मी खरं सांगितलं. नाहीतर मी कसली डॉक्टर? गुडघ्यामागच्या धमनीला इजा होऊ शकते. फार क्वचित. पण झाली आणि काही तासांत कळली नाही, तर पाय जाऊ शकतो. नसेला इजा झाली तर पाऊल लुळं पडू शकतं. आई पानावरून उठून आत गेली आणि उगाच भांडी वाजवायला लागली.

मग मी ताटातलाच चमचा घेऊन दाखवलं. तार इथून येते. तिच्या टोकासमोर मागून असं चमच्यासारखं हत्यार धरतात. शिवाय बोट. शिवाय एक्स-रेचं मशीन चालू असतं.

ताई नीट ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे पुठ्ठा."

"काय?"

"शेवटच्या थराखाली आम्ही पुठ्ठा घालतो. पातं खाली उतरलं तर पुठ्ठ्याला लागेल, टेबलाला नाही. एवढं शिकायला तुला नऊ वर्षं लागली?"

मी म्हणाले, तू शिकली असतीस तर माझ्यापेक्षा चांगली सर्जन झाली असतीस. माझ्यासाठी तू शाळा सोडलीस. हे मी तिला कधीपासून सांगणार होते. आज सांगितलं एकदाचं.

ताई म्हणाली, "गणिताच्या बाईंसाठी सोडली. तुझा काही संबंध नाही. मला उगाच देव्हाऱ्यात बसवू नकोस, मला मांडी घालता येत नाही सध्या."

२४ फेब्रुवारी

दोन मार्चला दाखल, तीनला ऑपरेशन. बोट घालायचं काम आता लंबूचं. माझ्याच वर्षाचा आहे, सव्वासहा फूट, बोटं मात्र सडपातळ. आज जेवणाच्या सुट्टीत हाडांच्या सांगाड्यावर त्याच्याकडून दहादा करून घेतलं. अकराव्या वेळी म्हणाला, "बाई गं, हा सांगाडा पण आता थांबा म्हणेल."

१ मार्च

झोप नाही. ताई मात्र घोरतेय.

२ मार्च

दाखल झाली. दोन खाटांची खोली, दुसरी खाट रिकामी. खिडकीतून पार्किंग दिसतं. ताईला ते फार आवडलं. कोणाला गाडी मागे घेता येत नाही यावर तिने संध्याकाळभर करमणूक करून घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पावलाची नाडी शोधून तिथे पेनने फुली मारतात. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत. दुसऱ्या दिवशी पाय सुजलेला असतो, बँडेज असतं, नाडी पटकन सापडत नाही. मग फुलीवर बोट ठेवायचं. ही पद्धत इन्चार्ज सिस्टरांनी सुरू केली. अठ्ठावीस वर्षं त्या या वॉर्डात आहेत. डॉक्टर येतात, शिकतात, जातात. त्या असतात.

फुली लंबूने मारायची होती. मी त्याच्या हातातून पेन घेतलं. केसपेपरला हात लावायचा नाही म्हणाल्या होत्या मॅडम. पावलाचं कुठे काय बोलल्या होत्या?

ताईचं पाऊल हातात घेतलं. टाचेला भेगा, अंगठ्याचं नख एका बाजूने काळं. नाडी लगेच सापडली. शांत, एकसारखी, जिला कुठे जायची घाई नाही अशी. मी नुसतं बोट ठेवून बसले.

"गुदगुल्या होतात," ताई म्हणाली. "सापडली नसेल तर सोड, दुसऱ्या पायाची घे."

३ मार्च

सकाळी ९.४०. बाकावर. आई शेजारी. तिने पिशवीत दोन स्वेटर आणलेत, कोणासाठी ते तिलाही माहीत नाही. आत आत्ता मांडीतून स्नायूचा दोरा काढत असतील, नव्या लिगामेंटसाठी. तिथेही एक बारीक नस असते त्वचेखाली. चीर तिरकी घ्यायची, उभी नाही. मॅडम तिरकीच घेतात. घेतात. घेतात.

१२.३०. झालं!! मॅडम स्वतः बाहेर आल्या. "सगळं नीट. रक्त अडवणारा पट्टा सोडल्यावर नाडी मी स्वतः पाहिली." लंबू त्यांच्या मागून डोकावला आणि बोट वर करून दाखवलं. आईने त्याला स्वेटर देऊ केला.

३ मार्च, रात्र

आज लिहिता येणार नाही.

५ मार्च

आता लिहिते. सगळं, आणि क्रमाने. नाहीतर पुढे मीच मला सोयीचं आठवायला लागेन.

ऑपरेशननंतर दर तासाला पावलाची नाडी बघून तक्त्यात लिहायची असते. दोन वाजता लंबूने पाहिली, होती. तीनला पाहिली, होती. पावणेचारला खाली अपघाताचे चौघे एकदम आले. लंबू धावत दारात आला. "चारची तेवढी बघशील? पाच मिनिटांचं काम आहे." मी हो म्हणाले. मॅडमचं वाक्य मला आठवलं होतं. विसरले होते असं लिहिणार नाही. आठवलं, आणि तरी खिशातलं ओळखपत्र काढून गळ्यात घातलं.

ताई म्हणाली, "पोटरी दुखतेय गं. आणि पाय जड झालाय."

मी म्हणाले, "कमरेतली भूल उतरतेय. दुखणारच."

"गार आहे का बघ जरा."

बघितलं. जरा गार होता. खोलीत एसी होता.

मग फुलीवर बोट ठेवलं. आधी काही लागलं नाही. मी जोरात दाबलं. आणि लागली. चांगली टपटपत होती. मला इतका आनंद झाला की नुसतं 'आहे' लिहून भागेना. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजली. तक्त्यात लिहिलं: '४.०५, पावलाची नाडी उत्तम, ११२.' खाली सही. ताईला म्हणाले, "घोड्यासारखी पळतेय तुझी नाडी."

ती म्हणाली, "बरं मग."

त्यानंतर मी तिच्यापाशीच बसले. ओठ ओले केले, केस विंचरले. ती गप्प होती. मला वाटलं, गुंगी असेल. मध्येमध्ये म्हणत होती, "जा ना, चहा पिऊन ये. सकाळपासून काही खाल्लं नाहीस." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा गेले. आईलाही बरोबर नेलं.

कँटीनमध्ये कप हातात घेतला आणि फोन वाजला. इन्चार्ज सिस्टर. "वर ये," एवढंच म्हणाल्या.

आले तर त्या ताईच्या पायाशी उभ्या. लंबू शेजारी, चेहरा पांढरा. सिस्टरांच्या हातात ते छोटं मशीन होतं, ज्यातून धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. फुलीवर धरलं होतं. नुसती खरखर. त्यांनी जागा बदलली. खरखर. घोट्याच्या मागे. खरखर.

मी म्हणाले, "पण मी मोजली ना. एकशे बारा."

सिस्टरांनी तक्ता माझ्यापुढे धरला. त्याच ओळीत, माझ्याच अक्षरात, ताईच्या हाताच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा नाडीचा आकडा होता. ८०. मीच उतरवला होता. शेजारी शेजारी दोन आकडे.

"एका बाईला दोन हृदयं असतात का?" त्या म्हणाल्या. हळूच म्हणाल्या. "तू जोरात दाबलंस. जोरात दाबलं की आपल्याच बोटाची नाडी आपल्याला लागते. घाबरलेल्या माणसाला तर हमखास."

एकशे बारा माझी होती.

पुढचं सगळं पळत. मॅडम सात मिनिटांत आल्या. रक्तवाहिन्यांचे सर वीस मिनिटांत. पावणेसहाला ताई पुन्हा आत. धमनीच्या आतलं अस्तर एका जागी फाटून उलटलं होतं आणि त्यावर गुठळी झाली होती. तार लागलेली नव्हती. बोटही जागेवर होतं, हत्यारही. मॅडम नंतर म्हणाल्या, "ओढ बसली असेल. आज, किंवा नोव्हेंबरात ती पडली तेव्हाच थोडी. सगळं नीट करूनही कधी कधी होतं. म्हणून तर नाडी बघायची असते."

उजव्या पायातली शीर काढून तिचं ठिगळ लावलं. साडेसातला रक्त सुरू झालं. पोटरी सुजून आतल्या आत आवळू नये म्हणून दोन बाजूंनी लांब चिरा देऊन उघडी ठेवली.

आई बाकावर होती. मला म्हणाली, "तू आत असतीस तर असं झालं नसतं."

६ मार्च

पाऊल गरम आहे. अंगठा हलत नाही.

सकाळी मॅडमच्या खोलीत गेले. राजीनामा लिहून नेला होता. सगळं सांगितलं: नियम मोडला, फुली मी मारली, चारची नाडी मी लिहिली, ती माझी होती. मॅडमनी कागद वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला.

"चाळीस मिनिटं गेली," त्या म्हणाल्या. "ती तुझी. मी तुला ती माफ करणार नाही, आणि तूही करू नकोस. पण एक सांग, मोजायला कोणी सांगितलं होतं? आहे की नाही एवढंच लिहितात सगळे."

"कोणी नाही."

"तू आकडा लिहिलास. खोटा असता तर ऐंशी लिहिला असतास. खरा लिहिलास म्हणून सिस्टरांना दिसला. नुसतं 'आहे' लिहिलं असतंस, तर पाच वाजेपर्यंत कोणी बघितलं नसतं."

बाहेर येऊन जिन्यात बसले. रडले. पण तीन दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

९ मार्च

पोटरीच्या चिरा बंद केल्या. ताईने लंबूला विचारलं, "शिवण कोणी घातली? टाके वाकडे आहेत. आमच्याकडे असला माल परत जातो."

अंगठा अजून नाही.

१० मार्च

मॅडमनी शिक्षा दिली. वॉर्डातल्या प्रत्येक ऑपरेशनची चारची नाडी महिनाभर मी बघायची. एक हात पेशंटच्या पावलावर, दुसरा माझ्या गळ्यावर. दोन्ही एकत्र उडतात का बघायचं. एकत्र उडाल्या तर ती माझी. मग बोट हलकं करायचं, आणि थांबायचं.

हलकं करणं फार कठीण आहे. सापडावी असं वाटत असताना हलकं करणं!

१२ मार्च

आज ताईला सांगितलं. सहा दिवस टाळत होते. डॉक्टर म्हणून सगळ्यांना सांगून झालं आणि जिचा पाय, तिलाच नाही.

म्हणाले, "ताई, त्या दिवशी चार वाजता मी तुझी नाडी मोजली ना, ती तुझी नव्हती."

"मग कोणाची?"

"माझी."

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. एक लाल गाडी मागे येत होती, पुढे जात होती, पुन्हा मागे.

"जोरात पळत होती," ती म्हणाली.

मी म्हणाले, "माझ्यामुळे तुझा पाय गेला असता."

"गेला नाही."

"पण गेला असता."

"बारके," ती म्हणाली, "त्या गाडीवाल्याला जाऊन सांग, हँडल उलटं फिरव. मला बघवत नाही. आणि येताना फणी आण."

केस विंचरताना तिने डोकं मागे माझ्या पोटावर टेकवलं. लहानपणी मी तिच्या पोटावर टेकवायची तसं. वजनदार आहे तिचं डोकं.

१५ मार्च

अंगठा हलला!

हलला म्हणजे काय, तर चादरीला एक सुरकुती पडली. पण पडली. इन्चार्ज सिस्टरांनी आधी पाहिली, मग लंबूने, मग भूल देणारे डॉक्टर मुद्दाम वर येऊन बघून गेले. सगळ्यांसाठी तिने पुन्हा पुन्हा हलवून दाखवला. सहाव्या वेळी म्हणाली, "आता तिकीट लावते."

आईने दोन्ही स्वेटर घरी नेले. माझ्याशी आज नीट बोलली. म्हणाली, "सिस्टर सांगत होत्या, तू आकडा लिहिलास म्हणून पाय वाचला." मी म्हणाले, "आकडाही माझाच, चूकही माझीच." आई म्हणाली, "तुझंच आहे सगळं. जेवलीस का?"

१७ मार्च

महिन्याच्या बैठकीत ही केस मी मांडायची असं ठरलं. मॅडमनी विचारलं, "जमेल?" हो म्हणाले. अठरा डॉक्टर असतील, तीन विभागांचे. पहिल्या चित्रात गुडघा: धमनी, नस, हाड, अंतर. दुसऱ्यात सांभाळायच्या गोष्टी: वाकवलेला गुडघा, मागे बोट, तारेच्या टोकासमोर हत्यार, शेवटचं हाताने. तिसऱ्यात तक्ता, माझ्या अक्षरातला, ११२ आणि ८०. चौथ्यात एकच वाक्य. दोन तास त्यावर बसले. शेवटी लिहिलं: 'जे जाणवलं ते खरं असेलच असं नाही, पण जे लिहिलं ते प्रामाणिक असेल, तर दुसरा कोणीतरी चूक पकडू शकतो.'

वाचून दाखवलं तर लंबू म्हणाला, "भिंतीवर लावण्यासारखं आहे." थट्टा नव्हती.

मला हे लिहायला संकोच वाटतो, पण वही माझीच आहे. या वाक्याने मला सावरलंय. चाळीस मिनिटं मी घालवली, हे खरं. पण पाय वाचला तोही माझ्या खरेपणामुळे, हेही खरं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मला जगता येईल असं वाटतंय.

१९ मार्च

ताई कुबड्यांवर खोलीच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. पाऊल थोडं घासतं. मॅडम म्हणाल्या, नस सहा महिन्यांत पूर्ण जागी होईल. कारखान्यातून तिची मुकादम येऊन गेली. बसून करायचं काम आहे, तोपर्यंत जागा ठेवते म्हणाली. ताईने तिला पाय दाखवला, टाके दाखवले, मग मला दाखवलं. "ही आमची डॉक्टर." जसं काही मला तिनेच कापून शिवलंय.

परवा बैठक. उद्या सिस्टरांकडून वेळांची नोंद मागायची आहे, माझ्या वेळा ताडून बघायला.

२० मार्च

सिस्टर रजेवर. त्यांची नोंदवही कपाटातून घेतली. ३ मार्चचं पान. निळी शाई, उभं अक्षर. जसं आहे तसं उतरवते.

'४.४०. रुग्णाने घंटा वाजवली. पाय लाकडासारखा झाला, बोटं कळत नाहीत म्हणते. केव्हापासून, विचारले. चारच्या आधीपासून. मग आधी का बोलावले नाही, विचारले. बहीण समोर होती, तिने नुकतीच नाडी लिहून सही केली होती, तिच्यासमोर ती चूक कशी म्हणू, ती खोलीबाहेर जायची वाट पाहिली, असे म्हणते. बहिणीला कळवू नये अशी विनंती. नाडी पाहिली, नाही. तक्ता त्यानंतर पाहिला.'

चहाला तिने मला पहिल्यांदा पाठवलं तेव्हा सव्वाचार वाजले होते. दोनदा मी नाही म्हणाले.